अष्टीची लढाई: छत्रपती सुटले की पकडले गेले?

या भागाचं लिखित रूप टाकायला जरा उशीर झाला. बोलताना जे सुटलं होतं ते इथे भरून काढलंय, त्यामुळे ऐकलेल्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी एक घोटाळा मिटवू. आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुणालाही ‘आष्टी’ म्हणा, समोरचा बीडच्या आष्टीबद्दल बोलायला लागतो. विदर्भातल्या माणसाला वर्ध्याची आष्टी आठवते, १९४२च्या हुतात्म्यांची. आपण बोलणार आहोत ती तिसरी. सोलापूर जिल्ह्यातली, मोहोळ तालुक्यातली, पंढरपूरच्या वाटेवरची. जुन्या पुस्तकांत हिला ‘अष्टी’ लिहितात आणि माढा तालुक्यात दाखवतात, कारण तेव्हा ती तिकडे होती. गावाजवळ मोठा तलाव आहे, पण तो १८७६-७७च्या दुष्काळात काम काढून बांधायला घेतलेला. म्हणजे लढाईच्या वेळी तो नव्हता. नकाशावर तलाव बघून घोडी कुठून धावली असतील याचा अंदाज बांधू नका.

आता मुद्द्यावर. २० फेब्रुवारी १८१८च्या सकाळी इथे एक लढाई झाली. लढाई तशी छोटीच. दोन्हीकडून घोडदळ, पायदळाचा फारसा संबंध नाही. मराठ्यांकडचे मेले साधारण शंभर. इंग्रजांकडे नुकसान इतकं थोडं की एरवी अशी चकमक एखाद्या परिच्छेदात संपली असती. तुलनाच करायची तर पाणिपतला जाऊच नका, आपल्या परंड्याच्या पलीकडे १७९५ साली खर्ड्याला पेशवे आणि निजाम यांच्या केवढ्या फौजा समोरासमोर आल्या होत्या ते आठवा. खर्ड्याला सगळी मराठेशाही जमली होती. त्याला २३ वर्षंही पूर्ण झाली नव्हती आणि अष्टीच्या मैदानात पेशव्यांच्या बाजूने उभा राहायला एक सेनापती आणि सुरुवातीला त्याचे पाचशेच्या आसपास स्वार होते.

थोडी पार्श्वभूमी, भराभर. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणं गेलं. दुसरा बाजीराव फौज घेऊन बाहेर पडला आणि पुढचे काही महिने इंग्रज त्याच्या मागे. १ जानेवारी १८१८ला कोरेगाव. नंतर साताऱ्याकडे, कर्नाटकाच्या तोंडापर्यंत, परत वर, सोलापूर. या पळापळीवरूनच लोकांनी त्याला ‘पळपुटा’ म्हटलं. मला विचाराल तर हा शब्द थोडा स्वस्त आहे. मोठ्या तोफखान्याशी समोरासमोर लढायचं नाही, शत्रूला दमवायचं, रसद तोडायची, ही मराठ्यांची जुनीच रीत. फरक इतकाच की पूर्वी फिरणारी फौज शत्रूचं काहीतरी तोडत फिरायची. बाजीराव नुसताच फिरत होता.

आणि तो कुठे फिरू शकत होता, हे आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचं. सोलापूरहून पूर्वेला निघालं की लवकरच निजामाचा मुलूख लागायचा. नळदुर्ग निजामाचा, परंडा निजामाचा, तुळजापूर-धाराशिव निजामाकडेच. आज आपण धाराशिवहून सोलापूरला दवाखान्याला जातो, कपडे घ्यायला जातो, मध्ये सरहद्द होती हे डोक्यातही येत नाही. तेव्हा ती होती, आणि निजाम १७९८पासून कंपनीच्या तैनाती फौजेच्या करारात बांधलेला. म्हणजे पूर्वेकडचा शेजारी आश्रय देणारा नव्हता, तो शत्रूचा दोस्त होता. पश्चिमेला पुणं गेलेलं. राहिला तो मधला पट्टा: भीमा, सीना, पंढरपूर, मोहोळ, सोलापूर. अष्टी बरोबर या पट्ट्यात आहे.

आता या गोष्टीतला खरा तिढा. पेशव्याच्या छावणीत साताऱ्याचे छत्रपती होते. प्रतापसिंह महाराज, वय २५, सोबत त्यांची आई आणि भाऊ. हे स्वखुशीने मोहिमेवर आले नव्हते. साताऱ्याचे छत्रपती कित्येक वर्षं नावाचे राजे आणि प्रत्यक्षात नजरकैदेत होते. लढाई सुरू झाल्यावर बाजीरावाने त्यांना वासोट्याला हलवलं आणि मग स्वतःबरोबर घेतलं. कारण उघड आहे. पेशवा हा कागदोपत्री छत्रपतींचा प्रधान. छत्रपती ज्याच्याजवळ, अधिकार त्याचा. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कुणाचाही असो, अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच होता आणि बाजीराव तो खिशात घेऊन पळत होता.

इंग्रजांना हे कळत नव्हतं असं समजू नका. १० फेब्रुवारीच्या सुमारास जनरल स्मिथने साताऱ्याचा किल्ला घेतला. त्यावर निशाण चढलं ते छत्रपतींचं. ११ फेब्रुवारी १८१८ला एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावाचं राज्य संपलं, साताऱ्याच्या राजासाठी काही मुलूख वेगळा काढून त्याला गादीवर बसवू, लोकांची वतनं, इनामं, धर्म यांना धक्का लागणार नाही, असा त्याचा मतलब.

तारखा नीट बघा. ११ फेब्रुवारीला राज्य जाहीर झालं. राजा मात्र त्या दिवशी पेशव्याच्या छावणीत, कुठेतरी सोलापूरच्या वाटेवर. म्हणजे सिंहासन तयार, घोषणा तयार, आणि ज्याला बसवायचं तोच हातात नाही. मला हा सगळा प्रकार वाचताना इथेच थांबावंसं वाटलं. आपण शाळेत शिकतो की इंग्रजांनी लढाया जिंकल्या आणि मग राज्य घेतलं. इथे जाहीरनामा आधी आणि लढाई नऊ दिवसांनी.

स्मिथ साताऱ्याहून निघाला तो हलकं होऊन. मद्रासच्या घोडदळाच्या दोन पलटणी, दुसरी आणि सातवी, बावीसाव्या लाइट ड्रगूनच्या दोन तुकड्या आणि घोड्यांनी ओढायच्या तोफा. १९ तारखेला तो वेळापूरच्या बाजूला होता. पेशवा सोलापूरहून पंढरपूरकडे येतोय ही बातमी लागली आणि रात्रीत कूच करून सकाळी साडेआठच्या सुमाराला त्याने अष्टीला पेशव्याला गाठलं. पेशवा जेवायच्या तयारीत होता असं सांगतात.

बापू गोखल्यांबद्दल इथे दोन शब्द. मूळ नाव नरहर गणेश गोखले, रत्नागिरीकडच्या तळेखाजणचे. त्यांचे चुलते धोंडोपंत १८००मध्ये धोंड्या वाघाशी लढताना मारले गेले, आणि त्याच धोंड्याच्या मोहिमेत बापू आर्थर वेलस्लीच्या जोडीने लढले. तोच वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन, ज्याने १८१५मध्ये नेपोलियनला वॉटर्लूला हरवलं. म्हणजे इंग्रजी घोडदळ कसं चाल करतं, किती शिस्तीत येतं, हे बापूंनी अगदी जवळून, त्यांच्याच बाजूने बघितलेलं होतं. अष्टीच्या सकाळी समोर काय येतंय याबद्दल त्यांचा गैरसमज असण्याची शक्यता शून्य.

शत्रू इतक्या जवळ आला कसा, म्हणून बाजीरावाने बापूंना बोल लावला अशी हकीकत ग्रँट डफने दिली आहे. त्यावर बापूंनी पिछाडीची काळजी करू नका असं सांगून पेशव्याला वाटेला लावलं. पेशवा पालखी सोडून घोड्यावर बसला आणि निघाला.

बापू उभे राहिले. पाचशेच्या आसपास स्वार, हळूहळू आणखी येऊन मिळालेले. मध्ये एक नाला. इंग्रज रांगा करून पुढे येत होते. बापूंनी समोरून न जाता तिरकी चाल केली, नाला ओलांडून पुढे येणाऱ्या सातव्या पलटणीच्या अंगावर आणि तिथून ड्रगूनांच्या बगलेवर. घोडदळाचा हा हल्ला नेमका कुठे लागला बघा: जिथे रांगा अजून जुळल्या नव्हत्या तिथे. सातवी पलटण विस्कळीत झाली. खुद्द जनरल स्मिथच्या डोक्याला जखम झाली. क्षणभर का होईना, गडबड इंग्रजांकडे होती. मग मेजर डॉजने ड्रगूनांना वळवून चाल केली. त्या हातघाईत बापू पडले. पिस्तुलाच्या तीन जखमा आणि तलवारीचे दोन वार, असं नोंदलंय. त्यांच्याबरोबर गोविंदराव घोरपडे आणि आनंदराव बाबरही पडले. बापू पडल्यावर फौज थांबली नाही.

पाठलागात इंग्रजांच्या हाती १२ हत्ती, ५७ उंट, पालख्या आणि बरंच सामान लागलं. आणि छत्रपती, त्यांची आई, त्यांचे भाऊ.

हत्ती आणि उंट ‘जप्त’ झाले. छत्रपती मात्र ‘सुटले’. इंग्रजी लिखाणात हाच शब्द आहे, आणि तो पूर्ण खोटा म्हणता येत नाही. पेशव्यांच्या कैदेत वाढलेल्या २५ वर्षांच्या माणसाला त्या दिवशी खरोखर सुटल्यासारखं वाटलं असेल तर त्यात नवल काय? पण ग्रँट डफ हा कोण होता हेही लक्षात ठेवा. कॅप्टन जेम्स ग्रँट, युद्ध संपल्यावर साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे याच महाराजांच्या कारभारावर नजर ठेवणारा अधिकारी. त्याचं मराठ्यांचं इतिहासाचं पुस्तक १८२६मध्ये आलं. अष्टीबद्दल आपण जे जे वाचतो त्यातलं पुष्कळसं या एका माणसाच्या हातून गाळून आलेलं आहे. मी त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करत नाही, उलट त्याने बापूंच्या धैर्याला न्याय दिलाय. पण ‘सुटका’ हा शब्द लिहिणारा माणूस सुटलेल्या माणसाचा रखवालदार होता, हे विसरून चालणार नाही.

पुढचं बघा. एप्रिल १८१८मध्ये प्रतापसिंह महाराज साताऱ्याच्या गादीवर बसले. २५ सप्टेंबर १८१९ला तह झाला. राज्य मिळालं, पण परराष्ट्राशी बोलायचं नाही, इंग्रजांच्या सल्ल्याबाहेर जायचं नाही. महाराजांनी कारभार मन लावून केला. शाळा, रस्ते, पाण्याची सोय, साताऱ्याचं आजचं रूप त्यांच्या काळात बऱ्याच अंशी ठरलं. आणि १८३९मध्ये कटाचे आरोप ठेवून त्याच कंपनीने त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. गादीवर बसवलं त्यांच्या भावाला, अष्टीला बरोबर असलेल्या शहाजींना. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेत गेले ते चौदा वर्षं तिथे खेटे घालत राहिले. महाराज १८४७मध्ये काशीतच गेले. शहाजींनंतर, १८४८मध्ये, दत्तक नामंजूर करून साताराच खालसा.

बाजीरावाचं उरलेलं थोडक्यात. अष्टीनंतर सरदार एकेक करून घरी परतायला लागले. एप्रिलमध्ये शिवणीला आणखी एक मार खाल्ला आणि ३ जून १८१८ला तो माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला ८ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेला आणि १८५१पर्यंत जगला. ज्या माणसाला पळायला वेळ मिळावा म्हणून बापू उभे राहिले, तो त्यानंतर तेहतीस वर्षं जगला. हे वाक्य मी ध्वनिमुद्रणात दोनदा म्हटलं होतं, एका श्रोत्याने त्यावरून टोकलं. पण मला ते दोनदाच म्हणायचं होतं.

जाता जाता स्मिथचं. लायनेल स्मिथ पुढे वेस्ट इंडिजला गेला आणि जमैकाचा गव्हर्नर झाला. १ ऑगस्ट १८३८ला तिथल्या गुलामांना पूर्ण स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गव्हर्नर तोच होता, मळेवाल्यांशी भांडून त्याने गुलामांची बाजूही घेतली. अष्टीच्या मैदानात बापूंच्या माणसांनी डोक्यात जखम केलेला हा तोच इसम.

पेशव्यांचं पायदळ आणि तोफा अष्टीला नव्हत्या, त्या सोलापूरकडे होत्या. मे महिन्यात टॉमस मनरो त्यांच्यावर चालून आला. सोलापूरचा किल्ला कसा पडला, ते पुढच्या भागात.