बडनेरा ते जेद्दा : हजच्या जहाजाचा दिवस

आमच्या वऱ्हाडात एम्बार्केशन हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या बायांनाही माहीत असतो. हज कमिटीचा अर्ज भरताना एम्बार्केशन पॉइंट निवडावा लागतो. अकोला-अमरावतीचे लोक बहुतेक नागपूर लिहितात, काही मुंबई. शब्दाचा मूळ अर्थ जहाजावर चढणं. आता चढायचं असतं विमानात, पण सरकारी कागदावरून जहाजाचा शब्द गेलेला नाही.

आजकाल हा शब्द दुसऱ्या वाटेनेही घरात येतो. 2021 पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलियाची क्रूझ सुरू झाली आणि आमच्याकडची सुखवस्तू कुटुंबंही लग्नाच्या वाढदिवसाला तिकिटं काढू लागली. बॅगेला लावलेला टॅग, गळ्यातलं कार्ड, डेकवरचा फोटो, सगळं व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर. असाच एक फोटो बघताना घरातल्या एका पोराने विचारलं, आपल्या घरात याआधी कोणी जहाजात बसलं होतं का? मी म्हटलं, तिघं बसले होते, 1974 मध्ये. त्याला ते खरं वाटेना. जहाजात बसायचं तर कोकणातल्या माणसाने, बाळापूरचा माणूस जहाजात कशाला बसेल, असा त्याचा हिशेब.

मुंबईहून जेद्दाला हजचं जहाज 1995 पर्यंत जात होतं. म्हणजे आज चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही आपल्या मोहल्ल्यातला एखादा "जहाजवाला हाजी" आठवायला हवा. पण हाजी म्हटलं की आपल्याला आठवतो तो परतलेला माणूस, त्याची खजूर आणि त्याचं जमजम. तो निघाला कसा, हे कोणी सांगत नाही. म्हणून आज फक्त निघण्याविषयी लिहितो.

1974 ला हज डिसेंबरात होता. रमजान ईद ऑक्टोबरात उरकली आणि नोव्हेंबरात आमचे दादा, दादी आणि दादांची विधवा बहीण असे तिघं निघाले. भाऊ सोबत होता म्हणूनच फुफीला जाता आलं. बाईला तेव्हा मेहरम लागायचा, आणि वऱ्हाडातल्या कित्येक विधवा बाया केवळ भावाच्या किंवा मुलाच्या ऐपतीची वाट बघत राहून गेल्या. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगायच्या हजच्या कहाण्यांतून सोयीस्करपणे वगळतो.

खरं निघणं सुरू झालं होतं महिनाभर आधी. कर्ज डोक्यावर ठेवून हजला जायचं नसतं आणि माणसांचे हक्क तर खुद्द अल्लाहही माणसाच्या वतीने माफ करत नाही, अशी शिकवण. त्यामुळे दादा आधी अकोल्याला अडत्याकडे गेले. जुन्या खात्यात थोडी उधारी होती. अडत्या म्हणाला, मियाजी, परत आल्यावर बघू की. दादा उठले नाहीत. खातं बंद करून, वहीवर सही बघूनच उठले. मग शेजारच्या पाटलाकडे. त्याच्याशी धुऱ्यावरून सात-आठ वर्षं बोलणं बंद होतं. धुरा कोणाचा हे त्या दिवशीही ठरलं नाही, पण दोघांनी एकमेकांच्या हातचं पाणी घेतलं. शेवटचे आठ दिवस दोघं नवरा-बायको गावभर फिरून एकच वाक्य म्हणत होते : कहा-सुना माफ करना. दादीने तर जिच्याशी नळावर भांडण झालं होतं त्या बाईलाही गाठलं. ती बाई बौद्ध मोहल्ल्यातली. ती म्हणाली, जाय बाई, सांभाळून ये.

त्या पिढीच्या वऱ्हाडी शेतकऱ्याची एक अडचण कोणी नोंदवलेली मी वाचली नाही. त्याचा पैसा येतो कापसाच्या हंगामावर आणि जहाजाची तारीख ठरते चंद्रावर. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. सुमारे तेहतीस वर्षांत हज सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. कधी हाती पैसा असताना जहाज निघायचं, तर कधी ऐन पेरणीत. दादांनी एका हंगामाचा पैसा वर्षभर हात न लावता ठेवला होता, तेव्हा कुठे नोव्हेंबर जमला.

बाळापूरहून एसटीने अकोला आणि तिथून रात्रीच्या मेलने मुंबई. अमरावतीकर मंडळींना आधी बडनेऱ्याला यावं लागे, कारण शहर मुख्य लाइनवर नाही. फलाटावर दंडाला इमाम जामीन बांधलेले लोक, गळ्यात हार, भोवती चाळीस-पन्नास माणसं. रेल्वेने हे सगळं किती सोपं केलं होतं, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. भुसावळ-नागपूर लाइन 1867 मध्ये पूर्ण झाली. ती टाकली गेली मुख्यतः आमचा कापूस मुंबईच्या गोदीत न्यायला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्याच काळातली ही लाइन. कापसाच्या गाठी ज्या गोदीत उतरत, त्याच बंदरातून हजची जहाजं निघत. म्हणजे वऱ्हाडच्या हाजीची वाट कापसाने मोकळी करून दिली.

त्याआधीची वाट वेगळी होती. मोगल काळात हजचं बंदर म्हणजे सुरत. लोक तिला मक्केचा दरवाजा म्हणत. वऱ्हाडातून बऱ्हाणपूर आणि तिथून तापीच्या कडेने सुरत असा काफिल्याचा रस्ता होता. तिथे पोचलं म्हणजे जहाज मिळालं असं नव्हे. अकबराची आत्या गुलबदन बेगम 1575 मध्ये फत्तेपूर सिक्रीहून निघाली, आणि समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या पोर्तुगिजांच्या परवान्यापायी तिला सुरतेत जवळपास वर्षभर अडकून पडावं लागलं. बादशहाच्या घरची बाई वर्षभर थांबली, तर साध्या माणसाची काय कथा. ती परतली 1582 मध्ये.

वाफेची जहाजं आली, 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि गरीब माणसालाही मक्का आवाक्यात वाटू लागली. इथून पुढचा इतिहास मात्र आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेला आहे. 1865 मध्ये हजच्या काळात हिजाजमध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ आली आणि ती युरोपात पोचली. 1866 मध्ये इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, तिथे बोट हिंदुस्थानकडे रोखलं गेलं. तेव्हापासून सरकारी कागदांत हजचा प्रवासी म्हणजे रोग वाहून नेणारा देह. लाल समुद्रातल्या कामरान बेटावर 1882 मध्ये क्वारंटाइन उभं राहिलं. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला आणि पुढच्या वर्षी इथून हजला जाणंच बंद केलं गेलं. कायद्यात "नेटिव्ह पॅसेंजर" म्हणून माणशी जागा चौरस फुटांत मोजलेली सापडते. माणसाचं नाव सापडत नाही.

1880 मध्ये सिंगापूर-पेनांगकडून साडेनऊशेच्या आसपास हाजी घेऊन निघालेलं "जेद्दा" नावाचं जहाज गार्डाफुई भूशिराजवळ संकटात सापडलं. ते बुडणार असं समजून कप्तान आणि गोरे अधिकारी प्रवाशांना टाकून होडीत बसून पळाले. एडनला जाऊन जहाज बुडाल्याचं त्यांनी सांगितलं, आणि पाठोपाठ तेच जहाज, हाजींसकट, दुसऱ्या बोटीने ओढत एडनला आणलं. जोसेफ कॉनरॅडची "लॉर्ड जिम" ही 1900 सालची गाजलेली कादंबरी या प्रकरणावरून सुचली. कादंबरी चांगलीच आहे, पण ती पळून गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या पश्चात्तापाची. डेकवर झोपलेल्या शेकडो लोकांपैकी एकाचंही घर, गाव तिच्यात कळत नाही.

क्रूझवाल्यांना एक गंमत सांगण्यासारखी आहे. जगाला सहलीला जायला शिकवणारी थॉमस कुक कंपनी 1886 मध्ये हिंदुस्थान सरकारने हजच्या कामाला लावली होती. आतल्या भागातल्या स्टेशनवरून रेल्वे आणि जहाज असं जोडतिकीट द्यायचं, मुंबईत दलालांकडून होणारी लूट थांबवायची, असा बेत. दहा वर्षांच्या आत कंपनीने या कामातून अंग काढून घेतलं. सहलीला जाणारा माणूस खर्चायला निघालेला असतो. हाजी आयुष्यभराची पुंजी कमरेला बांधून निघालेला असतो आणि त्यातली पै-पै त्याला परत मोजायची असते. त्याच्यातून नफा काढणं सोपं नव्हतं.

ज्या कंपनीचं नाव आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होतं ती मोगल लाइन. 1877 मध्ये मुंबईत बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी म्हणून सुरू झालेली, 1938 पासून मोगल लाइन. स्वातंत्र्यानंतर ती सरकारच्या ताब्यात आली आणि पुढे 1986 मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. इस्लामी, मोहम्मदी, मुजफ्फरी, सौदी, अकबर, नूरजहाँ ही तिच्या जहाजांची नावं. आमचे तिघं गेले ते "अकबर"मधून.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम. व्ही.टी.वरून ते अंतर चालत जाण्याजोगं, पण ट्रंका, बिस्तरे आणि तोशाचे डबे घेऊन चालणार कोण, म्हणून हातगाडी. पुढचे दिवस रांगांचे. देवी आणि कॉलऱ्याच्या लशीचा दाखला, पासपोर्टच्या जागी मिळणारा पिलग्रिम पास, जहाजाचं तिकीट, पैसे बदलून घेणं. (1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास हाजींसाठी दहा आणि शंभरच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. आमच्या घरच्यांना त्या बघायला मिळाल्या नाहीत.) वडील तेव्हा कॉलेजात होते, सोबत गेले होते. ते सांगतात, मुसाफिरखान्यात त्या आठवड्यात मालेगावची, हैदराबादची, बिहारची माणसं होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याची ट्रंक बघून हसायचा, कारण सगळ्यांच्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात सारख्याच वेड्यावाकड्या अक्षरांत नाव, गाव, जिल्हा लिहिलेला.

निघायच्या दिवशी फजरच्या नमाजनंतर सगळे गोदीकडे. फाटकाच्या आत फक्त प्रवासी. घरचे लोक बाहेर. वडिलांना जहाजाचा वरचा भाग तेवढा दिसत होता. आत सामानाची आणि कागदांची तपासणी, पुन्हा डॉक्टर, मग शिडी. दादीने आयुष्यात बोट पाहिली नव्हती. बाळापूरच्या मन आणि म्हैस नद्यांना पूर आला की घरात बसणारी बाई. शिडीवर तिचे पाय थिजले. मागून फुफी म्हणाली, भाभी, खाली मत देखो. ते वाक्य आमच्या घरात अजून चालतं, कोणी परीक्षेला निघालं तरी.

जागा मिळाली डेकखालच्या मोठ्या दालनात. पैसेवाल्यांना वर केबिन. या वर्गाबद्दल हल्ली फार गोड आठवणी लिहिल्या जातात. सगळे सारखे, सगळे भाऊ वगैरे. ते खोटं नाही, पण पहिले तीन दिवस दालनभर उलट्यांचा वास होता, हेही दादीच सांगायची. म्हातारी माणसं वाटेत दगावत. त्यांची जनाजाची नमाज डेकवर होई आणि मय्यत समुद्रात सोडली जाई. मुंबई ते जेद्दा साधारण 2300 सागरी मैल. बारा ते पंधरा दिवस लागत.

म्हणूनच ट्रंकेत सगळ्यात खाली कफन असायचं. काहींना ते मक्केत जमजममध्ये भिजवून, वाळवून परत आणायचं असे. काहींना ते वापरूनच यायचं, म्हणजे यायचंच नसे. या मुद्द्यावर सरकारची आणि हाजींची गाठ जुनी आहे. एकेरी तिकिटावर गेलेले गरीब लोक जेद्दाला अडकून पडत, त्यांना आणायचा खर्च सरकारवर येई. परतीचं तिकीट सक्तीचं करावं असं अधिकारी एकोणिसाव्या शतकापासून म्हणत होते. धर्मात हात घातल्याचा आरोप नको म्हणून ते टाळलं गेलं. अखेर 1920 च्या दशकात कायद्याने परतीचं तिकीट किंवा त्याची अनामत सक्तीची झाली. व्यवहार म्हणून ते योग्यच होतं, जेद्दाच्या रस्त्यावर भीक मागणाऱ्या हाजीचं त्याने भलंच झालं. पण त्या फाटकातून आत जाणाऱ्या माणसाच्या एका खिशात परतीचं तिकीट असे आणि ट्रंकेत न परतण्याची तयारी. आणि त्या तयारीमुळेच तो अडत्याचं खातं बंद करून, धुऱ्याचं भांडण मिटवून निघालेला असे. आज विमानाने चाळीस दिवसांत परतणारा माणूस व्हॉट्सॲपवर सगळ्या ग्रुपला एकच "माफ करना" पाठवतो. मलाही दरवर्षी असे दहा-बारा येतात. पाठवणाऱ्यांपैकी दोघांकडे माझे पैसे आहेत.

दादा-दादी-फुफी तिघंही परतले. फुफी त्यामुळे थोडी नाराजच होती. तिचं कफन पुढे बावीस वर्षं ट्रंकेत राहिलं.

1995 नंतर जहाज बंद झालं. शेवटच्या काळातलं जहाज "अकबरी". 2018 मध्ये केंद्र सरकारने हज सबसिडी बंद केली, तेव्हा सागरी मार्ग पुन्हा सुरू करण्याची घोषणाही झाली होती. नवी जहाजं तीन-चार दिवसांत पोचतील असं सांगितलं गेलं. अजून एकही निघालेलं नाही. 2022 मध्ये कोविडनंतर देशात फक्त दहा एम्बार्केशन पॉइंट ठेवले गेले आणि त्यात नागपूर नव्हतं. त्या वर्षी वऱ्हाडच्या हाजींना पुन्हा मुंबई गाठावी लागली. 2023 मध्ये नागपूर यादीत परत आलं.