जुंपून घेतलेला माणूस

बैलाच्या मानेवर जू असते; दक्षिण ध्रुवप्रदेशात स्लेज ओढणारा माणूस ते कमरेला बांधी. कॅनव्हासचा रुंद पट्टा, आणि त्याची दोरी मागे स्लेजला. ऑस्ट्रेलियाचा भूशास्त्रज्ञ डग्लस मॉसन याचा एक सोबती डिसेंबर १९१२ मध्ये कुत्र्यांसह हिमदरीत गडप झाला. दुसरा जानेवारीत वारला. मॉसनने स्लेज कापून अर्धी केली व एकट्याने ओढली. १७ जानेवारी १९१३ रोजी पायाखालचे बर्फ खचले. चौदा फूट खाली तो लोंबकळत राहिला. वर स्लेज अडकली होती. ओझ्याला बांधणारी दोरीच आता आधार! तिच्या गाठी धरून काठाशी आला, तो काठच ढासळला. दुसऱ्या खेपेस मात्र वर पोहोचला. मग त्याने दोरीची शिडी केली, एक टोक स्लेजला व दुसरे आपल्या पट्ट्याला बांधले, आणि पुन्हा ओढू लागला.