अभिमानाची सावली

केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेची १८९३ सालीं प्रसिद्ध झालेली 'डेझिरेचें मूल' ही लघुकथा आम्हीं अनेक वर्षें वर्गांत शिकविली. लुइझियानांतील आर्मंड हा गुलामांचा धनी एका अज्ञातकुल मुलीशीं प्रेमानें विवाह करतो. पुढें मुलाच्या अंगावर काळ्या वंशाची छटा दिसूं लागते. कुलाभिमान दुखावलेला पति सारा दोष पत्नीच्या माथीं मारतो. ती मूल उचलून बाहेर पडते ती पुन्हा परत येत नाहीं. शेवटीं एका जुन्या पत्रावरून त्याला उमगतें कीं, तो वंश त्याच्या स्वतःच्याच आईचा होता.

कथा संपली कीं विद्यार्थी त्या गोऱ्या मळेवाल्याचा मनसोक्त धिक्कार करीत. अशा वेळीं आम्हीं त्यांना कल्याणची गोष्ट सांगत असूं.

उमरग्याहून हैद्राबादच्या रस्त्यानें धाराशिव जिल्ह्याची सीमा ओलांडली कीं बसवकल्याण फार दूर राहत नाहीं. १९५६ पर्यंत हा सर्व मुलूख एकाच राज्यांत होता. बाराव्या शतकांत तेथें कलचुरि बिज्जल राज्य करीत होता व बसवेश्वर त्याच्या पदरीं मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्या शरणांत हरळय्या हा चर्मकार आणि मधुवरस हा जन्मानें ब्राह्मण, असे दोघेहि सारख्याच मानाचे. परंपरा सांगते कीं, मधुवरसानें आपली कन्या हरळय्याच्या मुलास दिली. राजानें दोघां पित्यांचे डोळे काढविले आणि त्यांस हत्तीच्या पायीं बांधून फरफटत नेलें. त्यानंतरच्या क्षोभांत, ११६७ च्या सुमारास, बिज्जल मारला गेला व शरण दाही दिशांस पांगले. या कथेचा पुष्कळसा तपशील उत्तरकालीन पुराणांतला आहे. तथापि एका समाजानें ती आठशें वर्षें उराशीं धरली, हीहि इतिहासांतील गोष्टच होय.

वराचें कुल वरचें व वधूचें खालचें असा अनुलोम विवाह धर्मशास्त्रानें कुरकुरत का होईना, सोसला. उलट प्रतिलोमाची त्यानें कठोर निंदा केली. परंतु शिक्षा वधूवरांआधीं पित्यांना कां झाली? आमच्या मतें तिचें कारण असें: त्या दोघांना लाज वाटली नाहीं. मधुवरस खालीं मान घालून प्रायश्चित्तास उभा राहता तर कदाचित् सिंहासनाचें समाधान झालें असतें. लाज ही अभिमानाची सावली आहे. आर्मंडनें ती मुकाट्यानें पत्करली, म्हणून त्याचें घर उद्ध्वस्त झालें. या दोघांनीं ती नाकारली, म्हणून त्यांचे डोळे गेले.

१९४९ च्या हिंदु विवाह वैधता कायद्यानें जातिभेदाच्या कारणावरून विवाह रद्द ठरण्याची भीति दूर केली. कायद्याचें काम तेथें संपलें. घराचें संपलें नाहीं. ज्या समाजानें हरळय्याची स्मृति जपली, त्याच्यांतहि स्थळ पाहतांना पोटजात विचारली जाते. त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. वर्गांत आर्मंडला दोष देऊन घरीं परतल्यावर, मुलीसाठीं आलेल्या स्थळाची पहिली चौकशी आम्हींहि तीच केली होती. त्या दिवशीं आम्हांस लाज वाटावयास हवी होती. ती वाटली नाहीं, आणि तीच आज वाटते.