आवाजाची भिंत

१५ ऑगस्ट १९६५. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५ हजार लोक बीटल्सना बघायला जमले होते. 'ऐकायला' असं मी मुद्दामच लिहिलेलं नाही. गिटारसाठी व्हॉक्स कंपनीने खास १०० वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर दिले होते. गाणं मात्र स्टेडियमच्याच भोंग्यांतून वाजत होतं. एरवी त्या भोंग्यांतून बेसबॉल खेळाडूंची नावं पुकारली जायची. आज आपल्या गल्लीतल्या मंडळाकडे याच्यापेक्षा जास्त ताकद असते. पोरींच्या किंकाळ्यांपुढे हे सगळं निकामी ठरलं. ड्रमर रिंगो स्टारने नंतर सांगितलं, की पुढच्या तिघांच्या हलणाऱ्या पाठी बघून गाणं कुठवर आलंय याचा तो अंदाज घ्यायचा.

बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट १९६६मध्ये, बीटल्सनी दौरेच बंद केले. कारणं बरीच होती, पण आपलंच वाजवणं आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांतलं एक मोठं कारण. जगातला सगळ्यात मोठा बँड ज्या अडचणीपुढे हरला ती तांत्रिक होती, आणि ती सोडवणारा माणूस तेव्हा त्यांच्या पगारपत्रकावर नव्हता. 'लाइव्ह साउंड इंजिनिअर' नावाची नोकरीच अजून धड जन्मली नव्हती.

ती जन्मत होती मात्र. पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ गावच्या रॉय आणि जीन क्लेअर या भावांनी १९६६मध्ये एका कॉलेजात 'फोर सीझन्स' बँडच्या शोला साउंड दिला. बँडला तो इतका आवडला की 'आमच्याबरोबर दौऱ्यावर चला' म्हणाले. मॅसॅच्युसेट्सच्या बिल हॅनलीने १९६९मध्ये वुडस्टॉकच्या कुरणात चार लाखांवर लोकांना गाणं ऐकवलं. याच वर्षांत साउंडवाला स्टेजच्या कडेचा कोपरा सोडून प्रेक्षकांच्या मध्ये येऊन बसू लागला. लोकांना काय ऐकू येतंय हे लोकांत बसल्याशिवाय कळत नाही, इतकी साधी गोष्ट. त्याचबरोबर कलाकारांच्या पायाशी त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले मॉनिटर स्पीकरही रुळू लागले.

यातून एक विचित्र व्यवस्था तयार झाली. स्टेजवरचे लोक एक गाणं ऐकतात, समोरचे दुसरंच. दोन्हींच्या मध्ये मिक्सरवर बोटं ठेवून एक माणूस बसलेला. गिटारवाल्याने कितीही जीव ओतला तरी तो लोकांपर्यंत किती पोचवायचा हे ठरवणार तो माणूस.

'ग्रेटफुल डेड' या कॅलिफोर्नियातल्या बँडच्या साउंडवाल्याला हीच गोष्ट खटकली. त्याचं नाव ऑउस्ली स्टॅनली, टोपणनाव बेअर. हा गृहस्थ साठच्या दशकात एलएसडी बनवण्यासाठी प्रसिद्ध होता. त्या पैशांतून त्याने बँडला सामान घेऊन दिलं आणि १९७० ते १९७२ तुरुंगातही काढली. त्याच्या रसायनांवर भरपूर लिहिलं गेलंय, मला त्यात फारसा रस नाही. त्याच्या डोक्यातला सिस्टिम डिझायनर मला जास्त भारी वाटतो.

त्याचं म्हणणं असं. एकाच स्पीकरमधून बास, गिटार आणि गळा असं सगळं काढलं, तर त्या बिचाऱ्या पडद्याला एकाच वेळी हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे हलावं लागतं. आवाज एकमेकांत मिसळून गढूळ होतात. मग प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर का नको? बासला त्याचा खांब, पियानोला त्याचा, गळ्यांना त्यांचा. मिसळायचं ते हवेत मिसळेल, तारेत नाही. आणि हे सगळे खांब उभे करायचे ते बँडच्या पाठीमागे. म्हणजे वाजवणारा आणि ऐकणारा, दोघांच्या कानावर एकच आवाज. वेगळे मॉनिटर नकोत. स्वतःचा आवाज लोकांपर्यंत किती जावा, हे वादक स्वतःच्या बटणाने ठरवणार. थोडक्यात, मधल्या माणसाचा अधिकार काढून घ्यायचा. साउंडवाल्यानेच साउंडवाल्याची खुर्ची मोडायला काढली होती.

'अलेम्बिक' या कंपनीचे रॉन विकरशॅम, रिक टर्नर, बँडचा डॅन हीली आणि इतर मंडळी कामाला लागली. ९ फेब्रुवारी १९७३ला स्टॅनफर्ड विद्यापीठात नव्या यंत्रणेची चाचणी झाली. पहिलाच सूर वाजला आणि ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचे छोटे स्पीकर, धडाधड उडाले. शुक्रवारी संध्याकाळी नवं रिलीज लाइव्ह करणाऱ्या कुणालाही ही कळ ओळखीची वाटेल.

वर्षभराने, २३ मार्च १९७४ला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये 'वॉल ऑफ साउंड' पूर्ण रूपात उभी राहिली. तीन मजली उंच परांचीवर सुमारे ६०० स्पीकर. मॅकिंटॉश कंपनीचे चाळीसहून जास्त अ‍ॅम्प्लिफायर, एकूण ताकद २६ हजार वॅटच्या वर. फिल लेशच्या बासच्या चार तारांना चार वेगळे मार्ग होते, प्रत्येक तार वेगळ्या स्पीकरांतून वाजू शकायची.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. माइकच्या पाठीमागे स्पीकर ठेवला की काय होतं हे गणपतीच्या मांडवात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कान फाडणारी शिट्टी. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये, आणि प्रत्येक फेरीत तो वाढत जातो. इथे तर ६०० स्पीकर थेट गायकाच्या माइकवर रोखलेले.

यावरचा उपाय मला या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. प्रत्येक गायकापुढे एकसारखे दोन माइक, सहा सेंटिमीटर अंतरावर, एकावर एक. दोघांची जोडणी एकमेकांच्या उलट. गायक फक्त वरच्या माइकला ओठ लावून गाणार. मागच्या भिंतीचा आवाज दोन्ही माइकवर जवळपास सारखाच आदळतो, म्हणून एकातून दुसरा वजा होऊन तो जवळजवळ नाहीसा होतो. गळा एकाच माइकवर जोरात पडतो, म्हणून तो उरतो. तुमच्या फोनलाही एकाहून जास्त माइक असतात. भर ट्रॅफिकमध्ये उभं राहून तुम्ही आईला फोन करता आणि तिला तुमचं बोलणं नीट ऐकू जातं, त्यामागे याच वजाबाकीची पुढची पिढी आहे. अर्थात फुकट काही मिळत नाही. या जोडणीत गळा थोडा पातळ, अशक्त लागायचा आणि ओठ जरा हलले की आवाज पडायचा. १९७४ची रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐका. बासची प्रत्येक तार सुटी ऐकू येते, पण गाणारे किंचित लांब उभे असल्यासारखे वाटतात.

तरी १५०-२०० मीटरवर बसलेल्या माणसालाही स्वच्छ ऐकू जायचं. शे स्टेडियमच्या त्या भोंग्यांना जेमतेम ९ वर्षं झाली होती.

मग ही भिंत पडली कशी? आवाजात ती हरलीच नाही. ती हरली वजनात. सगळं सामान सुमारे ७५ टन. ते हलवायला मोठे ट्रेलर आणि वीसेक माणसांची टोळी. उभारायला इतका वेळ लागायचा की परांचीचे दोन संच ठेवले होते. एका गावात शो चालू असताना दुसरा संच पुढच्या गावी उभा राहत असायचा. त्यात १९७३च्या तेलसंकटाने डिझेल महागलेलं. दौऱ्याची कमाई दौराच खात होता. बँडची माणसं थकली, कामगार त्यांच्याहून जास्त थकले, आणि जागं राहण्यासाठी कोकेनचा आधार घेणं वाढत गेलं. वादकाला स्वातंत्र्य मिळालं, पण त्याचं ओझं रात्री दोन वाजता परांचीवर चढलेल्या माणसाच्या खांद्यावर गेलं. डिझाइनच्या कागदावर तो माणूस कुठेच नव्हता. आमच्या धंद्यातही आर्किटेक्चरच्या आकृतीत रात्री पेजर वाजल्यावर उठणारा माणूस दाखवत नाहीत.

ऑक्टोबर १९७४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये सलग पाच रात्री वाजवून बँडने दौरे थांबवले. शेवटच्या रात्री जुना ड्रमर मिकी हार्ट परतला. आपल्या झाकीर हुसेनांचा मित्र आणि 'दिगा ऱ्हिदम बँड'मधला साथीदार तो हाच. १९७६मध्ये दौरे पुन्हा सुरू झाले तेव्हा भिंत नव्हती. मधला माणूस आपल्या मिक्सरवर परत येऊन बसला होता.

दरम्यान क्लेअर बंधूंनी उलट टोकाने विचार केला होता. आधी ट्रकची रुंदी मोजायची, मग त्यात नेमका बसेल असा स्पीकरचा खोका बनवायचा. सगळे खोके एकसारखे, कुणीही लावावेत, छताला टांगावेत. यात काव्य नाही, पण दौऱ्यांचा धंदा याच वाटेने गेला. भिंतीतली एक गोष्ट मात्र टिकली. स्पीकर एकावर एक उभे रचले की आवाज वर-खाली वाया न जाता पुढे लांबवर जातो. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या क्रिस्टियान हाइलने हे गणित नीट बसवलं. मोठ्या कॉन्सर्टमध्ये स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळ्याच्या घडासारखे लटकलेले जे स्पीकर दिसतात, ते हेच. मॉनिटरऐवजी आता कलाकारांच्या कानात बोंडं असतात. म्हणजे पाच वादक पाच वेगवेगळी मिश्रणं ऐकतात आणि प्रेक्षक सहावं. बेअरला हे अजिबात रुचलं नसतं. तो २०११मध्ये ऑस्ट्रेलियात मोटार अपघातात गेला.

भिंतीचे तुकडे विकले गेले, विखुरले. ऑक्टोबर २०२१मध्ये सदबीज या लिलावघराने त्यांतला एक मॅकिंटॉश अ‍ॅम्प्लिफायर विक्रीला काढला आणि तो तीन लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. त्या मॉडेलच्या एका अ‍ॅम्प्लिफायरचं वजन सुमारे ५८ किलो भरतं. असे चाळीसहून जास्त अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक गावात ट्रकमधून उतरवायचे, जोडायचे, आणि शो संपला की त्याच रात्री परत चढवायचे.