सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील हिशेबनीस : व्यवसाय, विश्वास आणि गावाशी नाते

प्रस्तावना

कोकणच्या इतिहासलेखनात किल्ले, आरमार, बंदरे व स्थलांतर यांचा विचार विपुल झाला आहे. त्या मानाने या सर्व व्यवहारांची नोंद ठेवणारा हिशेबनीस मात्र उपेक्षित राहिला. मालवण किनाऱ्यावर हिशेब लिहिणाऱ्याचे नाव काळानुसार बदलत गेले. तो कधी सबनीस होता, कधी कारकून, कधी तलाठी, कधी सोसायटीचा सचिव, तर कधी सनदी लेखापाल. वही कोणी लिहावी, ती कोणाला वाचता यावी आणि ती कोणी तपासावी, हे तीन प्रश्न मात्र प्रत्येक कालखंडात कायम राहिले. या प्रश्नांच्या आधारे हिशेबनिसाचा व्यवसाय आणि त्याचे गावातील स्थान यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

किल्ल्यावरील हिशेब

मालवणसमोरील कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला. शिवकालीन किल्ल्यांच्या कारभाराचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत आढळते. हवालदार, सरनोबत व सबनीस हे समान दर्जाचे अधिकारी असून त्यांनी एकविचाराने कारभार करावा, अशी ती व्यवस्था होती. हजेरी व दफ्तर सबनिसाकडे असे, तर धान्य, दारूगोळा आदी साठ्याचा हिशेब कारखानिसाकडे असे. हे अधिकारी भिन्न जातींतून नेमले जात, हेही लक्षणीय आहे. किल्ल्याची किल्ली, कोठार आणि वही एकाच माणसाच्या हाती पडू नये, हे या योजनेचे मर्म होते. हिशेबाची विश्वासार्हता केवळ लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर न सोडता ती कामाच्या विभागणीतून साधण्याचा हा प्रयत्न होता.

रघुनाथ पंडितांच्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. मुजुमदाराचा अमात्य झाला. तथापि जमा, खर्च, बाकी व हिशेब हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत. पदे वंशपरंपरेने चालू लागली, तशी त्यांची आडनावे झाली. सावंतवाडी शहरातील सबनीसवाडा आजही या पदाची आठवण जागती ठेवून आहे.

खोताची वही आणि कुळाची स्मृती

१८१२ मध्ये कोल्हापूरकरांनी मालवण बंदर व तेथील किल्ले तहान्वये इंग्रजांना दिले; त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लेही इंग्रजांकडे गेले. पुढे ही दोन्ही बंदरे रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट झाली. देशावरील गावांत पाटील व कुलकर्णी ही जोडी रूढ होती. रत्नागिरी जिल्ह्यातील खोती गावांत मात्र सरकार व कुळ यांच्यामध्ये खोत उभा होता. तो सारा भरण्यास जबाबदार असे आणि कुळांकडून वसुलीही तोच करी. परिणामी, किल्ल्यावर जी कामे विभागलेली होती ती येथे एका घरात एकवटली.

अर्धल किंवा तिर्धल पद्धतीत पिकाचा अनुक्रमे निम्मा किंवा तिसरा हिस्सा खोताला द्यावा लागे. हा हिस्सा ठरविण्यासाठी उभ्या पिकाचा अंदाज केला जाई, त्यास अभावणी म्हणत. अंदाज करणारा, वसूल घेणारा आणि जमा लिहिणारा हे सर्व खोताच्याच बाजूचे असत. वही मोडीत लिहिलेली; कुळ बहुधा निरक्षर. आपण किती धान्य घातले हे कुळाच्या स्मृतीत असे आणि किती बाकी राहिली हे खोताच्या वहीत असे. वाद निर्माण झाल्यास स्मृतीपेक्षा वहीला अधिक वजन मिळणे स्वाभाविक होते. हिशेबनीस हा गावातील आदरणीय, परंतु तितकाच भीतीयुक्त मनुष्य का होता, याचे उत्तर या विषमतेत सापडते.

१८८० च्या खोती कायद्याने खोत व कुळे यांच्या हक्कांना लेखी चौकट दिली, तरी मूळ विषमता संपली नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला, आणि परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. पगारी तलाठ्याकडील अधिकार अभिलेख व सातबाराचा उतारा ही आता गावाची मुख्य वही झाली. मोडी मागे पडून बाळबोध लिपी रूढ झाल्याने साक्षर शेतकऱ्यास स्वतःची नोंद स्वतः वाचणे शक्य झाले. भूमिसुधारणेच्या इतिहासात या लिपीबदलाची दखल अभावानेच घेतली जाते. कुळाच्या दृष्टीने तो लहान बदल नव्हता.

मुंबईतील नोकरी आणि गावाचा जमाखर्च

शेतीवर भागत नसल्याने मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडी परिसरातील असंख्य माणसे मुंबईस गेली. कष्टकरी गिरण्यांत व गोदीत शिरले. लिहिता-वाचता येणारे पेढ्यांत व कचेऱ्यांत कारकून झाले. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले आणि हिशेबलेखन हे घराण्यात शिकण्याचे कसब न राहता परीक्षेने सिद्ध करावयाची विद्या ठरले. देशी जमा-नावे पद्धतीत जमा डावीकडे व नावे उजवीकडे लिहीत; इंग्रजी खातेवहीत नेमके उलट. कीर्द व खतावणीवर हात बसलेल्या कारकुनास ही उलटापालट नव्याने अंगवळणी पाडावी लागली.

या नव्या विद्येचा उपयोग समाजासाठीही झाला. १४ सप्टेंबर १९१८ रोजी मुंबईत स्थापन झालेली सारस्वत सहकारी पतसंस्था हे त्याचे ठळक उदाहरण होय. जे. के. पारुळकर तिचे पहिले अध्यक्ष व शिवराम गोपाळ राजाध्यक्ष पहिले खजिनदार होते. लग्नकार्य, आजारपण, कर्जफेड अशा अडचणींत ज्ञातिबांधवांना साहाय्य करणे हा तिचा आरंभीचा हेतू होता. १९३३ मध्ये तिचे नागरी सहकारी बँकेत रूपांतर झाले. गावोगावच्या चाकरमान्यांनीही मुंबईत आपापली मंडळे स्थापन केली. वर्गणी गोळा करून देवळाची दुरुस्ती, शाळेची इमारत व जत्रेचा खर्च भागविला जाई, आणि जमाखर्च सभेत वाचून दाखविला जाई. दिवसा पेढीची वही लिहिणारा कारकून रात्री मंडळाचा खजिनदार होई. गावाकडे ज्याची वही वाचण्याची सोय नव्हती, त्याच समाजाने शहरात हिशेब मोठ्याने वाचण्याचा प्रघात पाडला, ही बाब महत्त्वाची आहे.

सहकार आणि लेखापरीक्षण

१ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था अस्तित्वात आली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने देवस्थानांच्या हिशेबांनाही लेखापरीक्षण लागू केले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईत सनदी लेखापाल म्हणून कार्य केलेले सुरेश प्रभू १९९६ पासून राजापूर मतदारसंघाचे लोकसभेत प्रतिनिधित्व करू लागले. या व्यवसायास लाभलेल्या सार्वजनिक प्रतिष्ठेचे ते द्योतक मानता येईल.

जिल्ह्यातील दैनंदिन हिशेब मात्र लहान माणसांच्या हाती आहे. विकास सोसायटीचा सचिव, मच्छीमार संस्थेचा लेखनिक, करसल्लागार, सहकार व लेखा पदविकाधारक लेखापरीक्षक अशी ही साखळी आहे. काजू कारखानदार, आंबा व्यापारी, मासळीचे दलाल आणि पर्यटकांना घरी उतरविणारी कुटुंबे हे त्यांचे पक्षकार होत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहान व्यापाऱ्यालाही हिशेबनिसाची गरज वारंवार भासू लागली.

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण पूर्वी प्रामुख्याने सहकार खात्याच्या नियंत्रणाखाली होत असे. २०१३ च्या दुरुस्तीनंतर शासनमान्य नामिकेतून लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार संस्थेच्या सर्वसाधारण सभेस मिळाला. यामुळे स्वायत्तता वाढली, परंतु जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. लहान तालुक्यात लेखापरीक्षक हा संस्थेच्या अध्यक्षाचा शेजारी, देवस्थानातील सहकारी किंवा सोयरा असू शकतो. प्रतिकूल शेरा लिहिल्यास पुढील वर्षी काम जाण्याची व जत्रेत अबोला पत्करण्याची शक्यता असते. न लिहिल्यास ठेवीदारांची पुंजी धोक्यात येते. कायदा अपात्रतेच्या अटी घालू शकतो, पण गावकीचे नाते त्या अटींत पूर्णपणे मावत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सिंधुदुर्ग किनाऱ्यावर हिशेबनिसाचे सामर्थ्य वही लिहिण्यात होते, तर त्याची प्रतिष्ठा ती वही इतरांना तपासू देण्यात होती. किल्ल्यावरील व्यवस्थेने ही तपासणी अधिकाऱ्यांच्या विभागणीतून साधली. खोतीत ती लोपली. मुंबईतील मंडळांनी ती सभेत आणली. आणि आधुनिक कायद्याने ती व्यावसायिकाकडे सोपविली. मात्र सभासदांनी ताळेबंद न वाचताच हात वर केले, तर परीक्षित लेखापालाची सहीदेखील कुळाला न वाचता येणाऱ्या मोडी वहीसारखीच ठरते. हिशेब वाचणारा समाज घडविणे, हे म्हणूनच हिशेब लिहिणाऱ्यांचेही कर्तव्य ठरते.