सार्वजनिक पैशाचा शोध, खाजगी कुलूप

विद्यापीठांचे संशोधन कंपन्यांना परवान्याने दिले की देशाची प्रगती होते, असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. पण प्रगती कोणाची? याचे उत्तर स्टॅव्हुडिन या एचआयव्हीवरील औषधाच्या इतिहासात सापडते.

हे रसायन जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत बनवले. ते कर्करोगावरील औषधाच्या शोधात होते. पुढे १९८० च्या दशकात येल विद्यापीठाचे विल्यम प्रुसॉफ व ताई-शुन लिन यांनी ते एचआयव्हीवर चालते हे दाखवले. दरम्यान १९८० साली अमेरिकेत बे-डोल कायदा झाला होता. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचे पेटंट स्वतःकडे ठेवून ते कंपन्यांना देण्याची मुभा त्याने विद्यापीठांना दिली. येलने पेटंट घेतले आणि एकमेव परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला दिला. १९९४ साली औषध अमेरिकेच्या बाजारात आले.

कंपनीने चाचण्यांवर खर्च केला, हे आम्ही नाकारत नाही. पण २००१ साली दक्षिण आफ्रिकेत चाळीस लाखांहून अधिक लोक एचआयव्हीबाधित होते. श्रीमंत देशांत तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने स्टॅव्हुडिनसह तिन्ही औषधे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. औषध होते, स्वस्तही होते. आड येत होते ते पेटंट. संघटनेने येलकडे परवानगी मागितली, तेव्हा विद्यापीठाने कराराकडे बोट दाखवले.

मग येलचे विद्यार्थी उठले. खुद्द प्रुसॉफ त्यांच्या बाजूने उभे राहिले. मार्च २००१ मध्ये कंपनीने जाहीर केले की दक्षिण आफ्रिकेत स्वस्त औषधाला पेटंटची आडकाठी करणार नाही. ‘अशक्य’ म्हटलेली गोष्ट काही आठवड्यांत शक्य झाली! कायदा तोच होता, करारही तोच होता. बदलला तो फक्त दबाव.

ज्ञानबंदी म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून आमचा विरोध परवान्याला नाही, परवान्यातल्या अटींना आहे. जनतेच्या पैशातून लागलेल्या शोधाच्या करारात गरिबाचा हक्क आधीच लिहिलेला हवा. भारतातही २००८ साली बे-डोलच्या धर्तीवरचे विधेयक राज्यसभेत आले होते. त्याचा कायदा झाला नाही. तसा मसुदा पुन्हा आला, तर आम्ही पहिला प्रश्न हाच विचारू: या करारात रुग्ण कुठे आहे?