कॅप्टन बदला!

टीम सलग तीन-चार मॅचेस हरली की जगभर एकच वाद रंगतो. मँचेस्टरच्या पबमध्ये फुटबॉल क्लबचा मॅनेजर हाकलायची चर्चा, तर आमच्या कळमनुरीला चहाच्या टपरीवर क्रिकेटचा कॅप्टन बदलायची. "ह्याला काढा, मग बघा!" हे वाक्य मात्र दोन्हीकडे तेच. पण काढल्यावर नक्की काय होतं? त्यासाठी आपल्याच घरातली एक केस बघण्यासारखी आहे. अजित वाडेकर.

मुळात वाडेकर कॅप्टन झाले तेच "बदला बदला"च्या लाटेत. १९६९ मध्ये पतौडींच्या टीमने घरच्या मैदानांवर न्यूझीलंडशी १-१ बरोबरी केली आणि ऑस्ट्रेलियाकडून १-३ मार खाल्ला. जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये १-० आणि इंग्लंडमध्ये १-०, आणि मग १९७२-७३ मध्ये घरी इंग्लंडवर २-१. तीन मालिका, तिन्ही खिशात. मुंबईत उघड्या गाड्यांतून मिरवणूक निघाली. इंदूरला तर विजयाचं स्मारक म्हणून सिमेंटची भलीमोठी बॅट उभी राहिली.

आणि मग आला १९७४ चा इंग्लंड दौरा. थंडी, ढग, ओलसर विकेट्स आणि आपल्याकडे खरा फास्ट बोलर एकही नाही. पहिली टेस्ट ११३ रनांनी गेली. लॉर्ड्सला इंग्लंडच्या ६२९ पुढे आपण दुसऱ्या डावात ४२ वर ऑल आउट! त्यातले १८ एकट्या एकनाथ सोलकरचे, तेही नाबाद. एक डाव आणि २८५ रनांनी पराभव. तिसऱ्या टेस्टमध्येही डावाने हार. ३-०.

तीन वर्षांपूर्वी हार घालणाऱ्या त्याच मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या बॅटला डांबर फासलं गेलं. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या टीममधूनही वगळलं आणि त्यांनी निवृत्ती घेतली. वय फक्त ३३.

आता गंमत बघा. नवा कॅप्टन कोण? तर पतौडी! म्हणजे ज्यांना काढून वाडेकरांना आणलं होतं तेच. १९७४-७५ च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत पहिल्या दोन टेस्ट गेल्या, पुढच्या दोन जिंकल्या आणि शेवटची वानखेडेवर हरलो. २-३. झुंज झकास होती, पण ती घरच्या मैदानांवर होती. कॅप्टन बदलला, देश बदलला, हवामान बदललं. यातलं श्रेय नक्की कुणाला द्यायचं? आपण कोडमध्ये एकदम तीन बदल केले आणि बग गेला, तर कुठल्या बदलाने गेला ते कसं सांगणार? तसंच आहे हे.

फुटबॉलमध्ये हाच प्रश्न नीट तपासला गेलाय. बास तेर वील या अर्थतज्ज्ञाने डच फुटबॉलची १९८६ ते २००४ पर्यंतची आकडेवारी घेतली. मॅनेजर हाकलल्यावर टीम सुधारते हे खरंच दिसलं. पण तितक्याच वाईट अवस्थेतल्या ज्या क्लब्जनी मॅनेजर ठेवला, तेही जवळपास तसेच सुधारले! कारण साधं आहे. माणूस हाकलला जातो तो टीम अगदी तळाला असताना, आणि तळातून पुढे बहुतेक वेळा वरच जायचं असतं.

आता कुणीतरी अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं नाव काढणार. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, तीन वर्षं सबबी पुरे झाल्या, आता टाटा, अशा अर्थाचा बॅनर झळकला होता. क्लबने त्यांना ठेवलं. त्या सीझनला लीगमध्ये १३ वा नंबर, पण एफए कप मिळाला, आणि २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा नावावर १३ लीग विजेतेपदं होती. ऐकायला छान आहे, पण पुरावा म्हणून कच्चं. ज्यांना ठेवलं आणि तरीही जे बुडाले त्यांच्या गोष्टी कोण सांगतं?

म्हणजे "कधीच बदलू नका" हेही बरोबर नाही. मर्चंट यांनी बदल केला नसता तर १९७१ घडलं असतं का कोण जाणे. पण त्या वेळी नवी टीम उभी करायची होती. गावसकर नावाचा पोरगा त्याच दौऱ्यावर टीममध्ये आला. १९७४ मध्ये कुणालातरी शिक्षा द्यायची होती. फास्ट बोलर नव्हता तो नवा कॅप्टन आल्यानेही उगवणार नव्हता. आपल्या ऑफिसातही रिलीज फसली की आधी प्रोजेक्ट मॅनेजर बदलतात, टेस्टिंगला वेळ तेवढाच तोकडा राहतो.

वाडेकर नव्वदच्या दशकात परत आले, या वेळी टीमचे मॅनेजर म्हणून. १९९३ मध्ये घरी इंग्लंडला ३-० हरवलं. मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला सचिनला ओपनिंगला पाठवायला अझरुद्दीनबरोबर त्यांनीही होकार दिला आणि सचिनने ४९ बॉलमध्ये ८२ ठोकले. पुढे मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर सेमीफायनल हरताना प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली. त्याच वर्षी मॅनेजर बदलला, संदीप पाटील आले.

१५ ऑगस्ट २०१८ ला वाडेकर गेले, तेव्हा सगळीकडे १९७१ च्याच आठवणी निघाल्या. बरंच वाटलं. पण १९७४ च्या ४२ नंतर दगड मारणारे आणि १९७१ च्या मिरवणुकीत नाचणारे लोक वेगळे नव्हते, एवढं आपल्याला पुढच्या वेळी टपरीवर तावातावाने बोलताना आठवलं तरी पुष्कळ झालं.